चांदा ते सिरोंचा: लिटरमागे माणसं किती?

बल्लारशाहला गाडी थांबली की लोक चहा शोधतात, मी मालगाड्या बघत बसतो. दिल्ली–चेन्नई या हमरस्त्यावरचं हे जंक्शन. मध्य रेल्वे इथं संपते, दक्षिण मध्य सुरू होते, आणि गोंदियाकडून जंगलातून येणारा मार्गही इथंच येऊन मिळतो. एका रुळावर उघड्या वाघिणींतून कोळसा, दुसऱ्यावर बंद वाघिणींतून सिमेंट. घुग्घुस, राजुरा, गडचांदूर, ऊर्जानगर हा सगळा परिसर जमिनीखालचं काढून दूर पाठवण्यावर जगतो. त्यामुळे वाहतुकीत इंधन किती जळतं, हा प्रश्न या मुलखात माणसांपासून नव्हे, मालापासून सुरू करावा लागतो.

कोळशाची एक पूर्ण मालगाडी म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी आणि चार हजार टनांच्या आसपास माल. हाच माल रस्त्यानं न्यायचा तर तीस टनी ट्रेलर सव्वाशेहून जास्त लागतील. भरलेला ट्रेलर लिटरला तीनेक किलोमीटर जातो, रिकामा परतताना पाच. खाणीच्या वाहतुकीत परतीचा माल नसतोच, म्हणून रिकामी खेपही हिशेबात धरायला हवी. तशी धरली तर हजार टन माल एक किलोमीटर हलवायला रस्त्यावर साधारण अठरा लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे झाले अठ्ठेचाळीस किलो. विजेवरच्या मालगाडीला त्याच कामासाठी, रिकामी परत धरून, अकरा-बारा युनिट पुरतात. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या जरा आत कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आठ-साडेआठ किलो. सहापट फरक. हा आकडा माझा ढोबळ आहे, चढ-उतार आणि ड्रायव्हरच्या पायावर तो हलेल. पण तो उलटा होणार नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना घर्षण फार थोडं होतं, आणि एका इंजिनामागे साठ वाघिणी हवा कापत जातात. सव्वाशे ट्रेलरांना हवा सव्वाशे वेळा कापावी लागते.

इतकं झाल्यावर रेल्वेला शाबासकी देऊन पुढं जाता आलं असतं. पण आपण चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांद्यात, आहोत. विजेच्या इंजिनाला धूर नसतो, त्याचं धुराडं दुसरीकडे असतं, आणि त्यातली काही धुराडी स्टेशनापासून फार लांब नाहीत. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिथं तयार झालेली वीज राज्यभर जाते. राख, सल्फरचा धूर आणि पाण्याचा खर्च इथंच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण-क्रमवारी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होतं. मुंबईतला माणूस लोकलच्या दारात उभा राहून वारा खातो आणि आपला प्रवास स्वच्छ म्हणतो; त्याचं म्हणणं खोटं नाही, फक्त त्यातला एक वाटा चंद्रपूरकरांच्या छातीत जमा असतो. एकूण कार्बनच्या हिशेबात वीज जिंकते. चंद्रपूरच्या हिशेबात ती इतकी सरळ जिंकत नाही, आणि राज्याच्या कुठल्याही विद्युत वाहन धोरणाबद्दल बोलताना हे विसरलं जातं याचा मला राग येतो.

चांदा फोर्टहून वडश्याकडची पॅसेंजर पकडली. हा गोंदिया मार्ग बंगाल–नागपूर रेल्वेनं छोट्या रुळांचा घातला होता. तो गेल्या शतकाच्या शेवटी रुंद झाला आणि आता त्यावर वीजही आली. केळझर, मूल मारोडा, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. केळझर गेलं की दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं. डब्यात भाजीच्या टोपल्या, शाळेची पोरं, दवाखान्यातून परतणारे म्हातारे आणि एका बर्थवर पाय पोटाशी घेऊन झोपलेला झाडीपट्टीतला एक नट. नट आहे हे कसं कळलं? तर कानामागचा रंग पुसायचा राहिला होता. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्या गावोगाव नाटकं लावतात, प्रयोग रात्रभर चालतो आणि पहाटे माणसं मिळेल त्या वाहनानं परततात.

अशा भरलेल्या पॅसेंजरमध्ये माणसामागे किलोमीटरला दहा-पंधरा ग्रॅम कार्बन पडतो. याहून फार कमी इंधनात या जंगलातून जायचं तर पायी किंवा सायकलनंच जावं लागेल. पण इंधनाच्या रकान्यात न दिसणारी एक गोष्ट याच रुळांवर घडते. नोव्हेंबर २०१८मध्ये चिचपल्ली वनपरिक्षेत्रात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. ताडोबातले वाघ नव्या जागेच्या शोधात बाहेर पडतात तेव्हा त्यांना हा मार्ग ओलांडावाच लागतो, आणि गाडीला ना पटकन थांबवणारा ब्रेक, ना बाजूला वळणारं स्टिअरिंग. भरधाव गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. सगळ्यात कमी इंधन जाळणारं वाहन जनावरांना सगळ्यात सुरक्षित असेलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात आणि आपल्याकडे त्या मोजणारी खातीही वेगळी आहेत.

वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्याचं एकुलतं एक रेल्वेचं तोंड. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे अजून पोचायची आहे. वडसा–गडचिरोली हा सुमारे बावन्न किलोमीटरचा मार्ग २०११–१२च्या सुमारास मंजूर झाला, काम चालू आहे. तोवर लालपरी.

आणि इथंच खरी गंमत सुरू होते. एसटीची साधी गाडी लिटरला पावणेपाच किलोमीटरच्या आसपास जाते. एवढंच ऐकलं तर ती उधळी वाटेल, कारण मोटारसायकल पंचावन्न जाते. पण भागाकार करा. एसटीतून किलोमीटरला साडेपाचशेहून थोडा जास्त ग्रॅम कार्बन निघतो. चव्वेचाळीस जण बसले तर माणशी तेरा ग्रॅम. आमच्या गाडीत वीसेक जण उभे होते, तेव्हा नऊ. मोटारसायकलवर एकटा माणूस गेला तर बेचाळीस ग्रॅम, दोघं गेले तर एकवीस. याचा अर्थ असा की तेरा-चौदा प्रवाशांच्या आत धावणारी एसटी एकट्या मोटारसायकलवाल्यापेक्षा माणशी जास्त कार्बन टाकते, आणि त्याच्या वर गेली की ती त्याला मागं टाकते. एकट्या माणसाला घेऊन जाणारी डिझेल चारचाकी पावणेदोनशे ग्रॅमवर बसते. तिची या स्पर्धेत गणतीच नको.

"मागं सरका जी थोडं, आरमोरीवरून मावशी चढायच्या आहेत," असं म्हणत कंडक्टर वाट काढत होते, तेव्हा नकळत ते राज्यातली सगळ्यात परिणामकारक पर्यावरण योजना राबवत होते.

काळीपिवळीचं काय करायचं, हा मात्र अवघड प्रश्न. नियमात बसतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर दोघं लोंबकळलेले, टपावर तांदळाचं पोतं. लिटरला बारा किलोमीटर धरून आत बारा माणसं मोजली तर माणशी एकोणीस ग्रॅमच्या आत. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ती गाडी रस्त्यावर असू नये. इंधनाच्या दृष्टीनं ती पुण्यातल्या कुठल्याही विजेच्या मोटारीला लाजवेल. मी तिच्यात बसतो, पण फळीवर नाही.

याच रस्त्यांवर मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस दिसतात. आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्यासाठी त्या सुरू झाल्या आणि त्याच कार्यक्रमातून मुलींना सायकलीही मिळाल्या. चामोर्शीच्या अलीकडे शाळा सुटल्यावर सायकलींची एक ओळच्या ओळ रस्त्याच्या कडेनं निघाली होती. एकीच्या कॅरिअरवर धाकटी बहीण, हँडलला डबा आणि पुढच्या बास्केटमध्ये वाटेत तोडलेली चिंच. या ओळीला चिकटून पलीकडून भरलेला ट्रेलर गेला आणि त्या सगळ्या जणी एकदम ओढणीनं नाक झाकून डांबरावरून मुरमावर उतरल्या. सरावानं. कुणी ओरडलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही.

तो ट्रेलर लोहखनिजाचा. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोखंड आहे. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तिथं डझनावारी वाहनं जाळली आणि काम थांबलं. २०२१पासून ते जोरात सुरू झालं. २०२३मध्ये वर्षाला तीस लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. साकोलीहून वडसा, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जाणारा ३५३सी हा राष्ट्रीय महामार्ग या वजनासाठी बांधलेला नव्हता. आष्टी ते आलापल्ली या तुकड्यावरून ज्यानं त्या काळात एसटीनं प्रवास केला त्याला कंबरपट्ट्याची किंमत कळली. लोकांनी रास्ता रोको केले, निवेदनं दिली. आलापल्लीच्या स्टँडवर एक आजोबा म्हणाले, "पान्यात आमची बस बंद रायते जी, मग लोखंडाचा टरक काहून बंद नाय रायत?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता या एक कोटी टनांचा हिशेब करू. खाणीजवळच्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्यापर्यंत पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तीस टनी ट्रेलरच्या एका खेपेला, जाऊन-येऊन, पंचेचाळीस लिटर डिझेल धरा. वर्षाला तीन लाखांहून जास्त खेपा आणि दीड कोटी लिटर डिझेल. प्लास्टिकची पिशवी नाकारून, दिवा विझवून आपण पर्यावरण राखतो अशी समजूत ज्यांची आहे, त्यांनी एकदा या रस्त्यावर तासभर बसावं.

जुलै २०२५मध्ये याच अंतरावर पाइपलाइन सुरू झाली. हेडरीला खनिज दळायचं, त्याचा पाण्यात रबडा करायचा आणि पंपानं कोनसरीपर्यंत ढकलायचा. तिकडे पाणी गाळून गोळ्या बनवायच्या. वजन हलवायची ही रस्त्यापेक्षा कितीतरी काटकसरी तऱ्हा. रबड्याबरोबर ट्रेलरचं स्वतःचं पंधरा टनांचं धूड वाहावं लागत नाही, रिकामी खेप नाही, आणि वाटेत मुलींना मुरमावर उतरावं लागत नाही. पाइप जमिनीखाली असल्यामुळे त्याच्यावरून जनावरंही जातात. मग तक्रार कशाची? दळायला वीज लागते, रबड्याला पाणी लागतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वाहतूक स्वस्त झाली की डोंगर जास्त वेगानं खाली येतो. दर टनाचं इंधन घटतं तेव्हा टन वाढतात. पाइपलाइन ट्रेलरपेक्षा चांगली, याबद्दल मला शंका नाही; तिचं कौतुक खाणीच्या कौतुकात मिसळू नये एवढंच.

आलापल्लीचं सागवान अशा वेळी बघायला बरं वाटतं. पूर्वी या जंगलात ओंडके ओढायला हत्ती होते. सिरोंच्याच्या वाटेवर कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, राज्यातला सरकारी असा एकमेव; तिथले हत्ती एके काळी हे काम करत. आज क्रेन आणि ट्रक करतात, हत्ती पर्यटकांसाठी आहेत. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तीही जिल्ह्यात आले आणि त्यांनी आपले रस्ते स्वतः ठरवले.

भामरागडकडे वळलं की हिशेबाची पाटीच कोरी होते. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावरचं हे गाव पावसाळ्यात तुटणं ही वर्षानुवर्षं ठरलेली बातमी. आतल्या पाड्यांवर नदी ओलांडायला लाकूड कोरून केलेला डोंगा आणि पुढं पायवाट. दरडोई इंधन जवळपास शून्य. बाहेरून आलेल्या एखाद्याला हे आदर्श वाटू शकतं. तसं वाटून घेऊ नये. बाळंतीण अडली की तिला खाटेची कावड करून चार माणसं खांद्यावरून नेतात, आणि दवाखाना किती लांब आहे हे त्यांच्या खांद्यांना माहीत असतं. १९७३मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा रोगी याच पद्धतीनं यायचे. इथं इंधन कमी जळतं ते कुणी निसर्गव्रत घेतलंय म्हणून नाही, रस्ता नाही म्हणून. १ जानेवारी २०२५ला अहेरी–गर्देवाडा बस सुरू झाली. मुख्यमंत्री स्वतः त्या बसमध्ये बसले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी पहिली एसटी. त्या बसमध्ये कधी चौदाहून कमी माणसं असतील आणि माझ्या वरच्या भागाकारात ती नापास होईल. होऊ दे. काही बस रिकाम्याही धावल्याच पाहिजेत. त्यांचं डिझेल दुसऱ्या खात्यात टाकावं.

सिरोंच्याला प्राणहितेच्या काठावर पोचलं की वाहतुकीचा एक फसलेला बेत भेटतो. रेल्वे नुकतीच आली होती त्या काळात सर आर्थर कॉटन या इंजिनिअरचा हट्ट होता की हिंदुस्थानला रुळांपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून थेट समुद्राला न्यायचा, असा त्याचा मनसुबा. तत्त्वात तो चुकला नव्हता: पाण्यावर तरंगतं वजन ओढायला रस्त्याच्या कितीतरी पट कमी शक्ती लागते, आणि आजही नदीतली मालवाहू बार्ज मालगाडीच्या बरोबरीनं काटकसरी मानतात. १८६० साली सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं. नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते, दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि आपल्या बाजूला प्राणहितेवर देवलमरी. बंधारे, कालवे, दरवाजे यांवर वर्षानुवर्षं पैसा ओतला गेला आणि १८७१मध्ये काम सोडून दिलं. नदीत वर्षातले काही महिनेच पुरेसं पाणी असायचं. १८७४ला जिल्हाच मोडून सिरोंचा चांद्याला जोडला, आणि त्याच दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. काझीपेठ–बल्लारशाह जोड १९२९ला पुरी झाली आणि दिल्ली–मद्रास गाडी चांद्याच्या अंगणातून जाऊ लागली. स्वस्त वाहन कोणतं, याचं उत्तर नकाशावर काढता येतं, पण नदी ते उन्हाळ्यात खोडते. हल्ली देशांतर्गत जलमार्गांच्या यादीत नद्यांची नावं भराभर घातली जातात; यादी करणाऱ्यांनी मे महिन्यात सिरोंच्याच्या वाळूत एकदा उभं राहावं.

परतीच्या वाटेवर ताडोबा आहेच, आणि तिथं आपण सगळे सामील असतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा दारांतून पेट्रोलच्या जिप्सी आत जातात. एका फेरीत पन्नासेक किलोमीटर, पाचेक लिटर पेट्रोल, म्हणजे बाराएक किलो कार्बन. सहा पर्यटकांत वाटला तर माणशी दोन किलो. जिप्सीच्या धुरावर आपण तावातावानं बोलतो. पण मुंबईहून नागपूरला विमानानं आलेला पर्यटक एका बाजूच्या प्रवासातच माणशी साठेक किलो टाकून आलेला असतो, आणि नागपूरहून जंगलापर्यंतच्या चारचाकीचे तीस किलो वेगळे. रात्रीच्या गाडीनं आला असता तर विमानाच्या साठाऐवजी दहा-बारा किलोंत भागलं असतं. जिप्सी विजेवर आणाव्यात, जंगलात आवाज आणि धूर नको, हे बरोबरच; पण त्यातून वाचणारं इंधन पर्यटक विमानतळावरच खर्चून आलेला असतो.

तेव्हा या भागात येणार असाल तर मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं वर्धा किंवा नागपूर गाठा, तिथून बल्लारशाहकडची कोणतीही गाडी घ्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. वडसा, गडचिरोली, आलापल्ली एसटीनं करा. स्टँडवर वेळ विचारताना फलकापेक्षा कंट्रोलरवर विश्वास ठेवा. भामरागड दिवाळीनंतर.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एप्रिल २०२५मध्ये केंद्रानं गोंदिया–बल्लारशाह मार्गाचं दुहेरीकरण मंजूर केलं आहे, २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. इंधनाच्या हिशेबानं हा निर्णय पूर्णपणे बरोबर आहे. ट्रेलर रस्त्यावरून उतरवायचे तर दुसरा रूळ हवाच. पण तो वाघांच्या वाटेवरून जातो. जनावरांसाठी भुयारी मार्ग आणि जंगलातल्या तुकड्यांवर रात्रीची वेगमर्यादा या गोष्टी रूळ टाकतानाच करायला हव्यात, कारण नंतर त्या होत नाहीत. इथल्या खासदार-आमदारांना आणि रेल्वेला हे आत्ता लिहून कळवा. काम निविदेच्या पुढं गेलं की ऐकणारं कुणी उरत नाही.